सॅक नंतर भरा, आधी भरतीची वेळ बघा

पत्र: "ताई, मी चिपळूणची, वय ३८, पतसंस्थेत कामाला आहे. मी, माझी मैत्रीण आणि तिची सतरा वर्षांची मुलगी अशा तिघी नाताळच्या सुट्टीत पाठीवर सॅक घेऊन दापोलीच्या कर्द्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचं म्हणतोय, पाच दिवसात. याआधी एका दिवसाचे ट्रेक केलेत, मुक्कामाचा एकही नाही. दीर हिमालयात जातो, त्याने त्याची ६५ लिटरची सॅक दिली आणि भलीमोठी लिस्ट पाठवली. सगळं भरून वजन केलं तर १४ किलो. माझं स्वतःचं ५८. सॅक घालून जिना उतरले तर गुडघे बोलायला लागले. तंबू न्यावा का? बायकाच आहोत तर सेफ आहे का? महिन्याभरात तयारी कशी करू? सासूबाई रोज विचारतात, एस्टी आहे ना, मग चालत कशाला? — सॅकवाली"

सॅकवाली ताई,

पत्र वाचून मजा आली, सोबतची लिस्ट तर दोनदा वाचली. उणे पाच डिग्रीचा स्लीपिंग बॅग, वीस मीटर दोर, गॅसची शेगडी, तंबू, तीन जीन्स. तुमच्या दिराचं काही चुकलं नाहीये हां, त्याची लिस्ट डोंगरासाठी बरोबरच आहे, जिथे तीन दिवस माणूस दिसत नाही आणि रात्री पाणी गोठतं तिथे हे सगळं लागतं. पण तुम्ही चाललाय कुठे, तर जिथे दर चार-पाच किलोमीटरवर एक वाडी आहे, वाडीत दुकान आहे आणि जानेवारीच्या रात्री सुद्धा एका चादरीवर भागतं. तिथे दोराला काय बांधणार, म्हैस?

पण सॅकचं मी नंतर सांगणार आहे. कारण अख्ख्या पत्रात सामानाबद्दल सगळं आहे आणि भरती-ओहोटीबद्दल एक अक्षर नाही. किनाऱ्याने चालायचं तर पहिली तयारी ती. गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ओहोटीला बघा, पाण्याजवळची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट असते, मुलं सायकली चालवतात त्यावर. तीच पुळण भरतीला बघा, चालायला उरते ती फक्त वरची सुकी भुसभुशीत वाळू आणि त्यात पाठीवर ओझं घेऊन एक किलोमीटर चाललात तर दोन चालल्याएवढा दम लागतो. आणि दोन गावांच्या मधे जिथे खडक समुद्रात उतरलेत तिथे ओहोटीला आरामात जाता येतं, भरतीला वाटच नसते. म्हणजे तुमचा दिवस किती किलोमीटरचा हे समुद्र ठरवणार, आपण फक्त त्याच्याशी वेळ जुळवून घ्यायची.

वेळ काढायला अ‍ॅप आहेत, वापरा, पण आपल्याकडच्या जुन्या लोकांचा हिशोब त्याहून सोपा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिला पाऊणने गुणायचं, की भरती साधारण किती वाजता ते येतं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनच्या सुमाराला भरती, पहाटेही तशीच, आणि मधली ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारच्या तोंडावर समुद्र पार वर आलेला, शिवाय ते दिवस उधाणाचे. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो म्हणून गावात कोळ्यांना विचारून पक्कं करायचंच, पण घरी बसून प्लॅन करायला हे पुरतं. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

आता हेच तुमच्या पाच दिवसांना लावा. तृतीयेला निघालात तर पहिल्या दिवशी ओहोटी आठच्या सुमाराला, मग पावणेनऊ, मग साडेनऊ, असं करत सप्तमीला अकरा. म्हणजे पाचही दिवस सकाळी चालायच्या वेळेला पुळण मोकळी आणि ऊन चढायच्या आत तुम्ही मुक्कामाला. शिवाय अष्टमीकडे जाताना भांग, म्हणजे लहान भरती असते, पाण्याचा जोरही कमी. शुक्ल पक्षातली तृतीया धरा असं मी म्हणेन, कारण वद्य पक्षात दुसऱ्याच दिवशी संकष्टी येते आणि तुमच्यातलं कोणी उपास धरत असेल तर दिवसभर चालून चंद्रोदयापर्यंत जेवायला थांबणं म्हणजे कठीणच. फक्त माघातली शुक्ल चतुर्थी टाळा, गणेशजयंतीला पुळ्यात पाय ठेवायला जागा नसते.

आणि नाताळची सुट्टी पण टाळाच. त्या आठवड्यात अख्खं पुणं-मुंबई कोकणात असतं, खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भावाने, आणि पुळणीवर गाड्या फिरवणारे महाभाग वेगळेच. जानेवारीत पौषातली तृतीया बघून रजा टाका. तेवढाच सरावालाही वेळ मिळेल.

दुसरी गोष्ट जरा नाराज करेल. कर्दे ते गणपतीपुळे पाच दिवसात पहिल्या वेळेला नको. नकाशावर सरळ रेघ दिसते पण मधे दोन मोठ्या खाड्या आहेत, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री, आणि खाडी म्हणजे आत वळा, धक्का गाठा, फेरी पकडा, पलीकडे परत चढा. सगळं धरून शंभरच्या आसपास जातं, म्हणजे रोज वीस किलोमीटर, पाठीवर ओझं, पहिल्यांदाच. एका दिवसाच्या ट्रेकला वीस किलोमीटर जमतात कारण दुसऱ्या दिवशी आपण सोफ्यावर असतो. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच पाय परत बुटात घालायचाय.

म्हणून अर्धाच तुकडा करा, गुहागर ते गणपतीपुळे. चिपळूणहून गुहागरची एस्टी पकडा, व्याडेश्वराला नमस्कार करून पुळणीवर उतरा आणि दक्षिणेला असगोलीकडे चालायला लागा. पहिला मुक्काम पालशेत. दुसऱ्या दिवशी बुधल, बोऱ्या या बाजूने वेळणेश्वर, हा दिवस चढउताराचा आहे, सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून जावं लागतं, पाणी भरून घ्या. तिसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवा, वेळणेश्वर ते हेदवी, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचं अंग तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त दुखतं. दशभुजा गणपती बघा, संध्याकाळी बामणघळ बघा, पण लांबून. त्या चिरेत भरतीचं पाणी शिरून वर उसळतं ते बघायला लोक अगदी कडेला जातात, फोटोसाठी तर अजून पुढे, आणि तो खडक ओला नि शेवाळलेला असतो. सतरा वर्षांच्या मुलीला हे घरून निघतानाच सांगून ठेवा, तिथे जाऊन ओरडण्यापेक्षा. चौथ्या दिवशी नरवण, रोहिले करत तवसाळ, तिथून फेरीने जयगड. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून किंवा गावात विचारून घ्या. पाचव्या दिवशी जयगडहून निघताना थोडं डांबरीवरून जावं लागतं, बंदर आणि वीज प्रकल्पामुळे ट्रक असतात, तेवढं उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. वाटेत कऱ्हाटेश्वराला थांबा, देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. मग मालगुंड, आणि पुळे.

खाडी किंवा पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, तोंड लागलं आणि पाणी "गुडघाभर तर आहे" असं वाटलं तरी गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरायचं नाही. खाली चिखल किती ते वरून कळत नाही आणि भरती चढायला लागली की गुडघ्याचं कमरेला यायला वेळ लागत नाही. पूल असेल तर दोन किलोमीटर आत जाऊन पुलावरून जा, त्यात काही कमीपणा नाही. जिथे गावचे लोकच पाण्यातून जाताना दिसतात तिथे जायचं तर पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी, अनवाणी नको, कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय ब्लेडने कापावा तसा कापतो आणि मग पुढचे सगळे दिवस बोंबलले. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा पाण्यात उतरण्याआधी सोडून ठेवा, पाय घसरला तर ओझं पटकन टाकता आलं पाहिजे.

आता सॅक. दिराची परत करा. लिटर जास्त हे एक कारण झालं, पण मोठं कारण म्हणजे ती त्याच्या पाठीच्या मापाची आहे. दीर उंच असेल तर कमरेचा पट्टा तुमच्या मांड्यांवर येत असणार आणि सगळा भार खांद्यांवर. गुडघे बोलले ते त्यामुळेही असेल. दुकानात जाऊन ३५-४० लिटरची घ्या किंवा कोणाची मागा, पण घालून बघताना आत सहा-सात किलो भरायला लावा, रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. आधी कमरेचा पट्टा हाडावर, दोन्ही बाजूंना हात लावला की जे हाड लागतं ना, त्याच्या वरच्या कडेवर, तो गच्च आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, नुसते टेकतील एवढेच. मग छातीचा. असं केल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. नाही गेलं तर ती सॅक तुमची नाही, रंग कितीही आवडला तरी.

वजन पाण्यासकट आठ किलोच्या आत. तुमच्या ५८ ला तो साधारण सातवा हिस्सा झाला, नवख्या माणसाला तेवढंच बरं. १४ म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा होत होता. तंबू नाही, शेगडी नाही, स्लीपिंग बॅग नाही, इथेच चार-पाच किलो गेले. चालायचे कपडे एक जोड, रात्रीचे कोरडे एक जोड, आणि एक टीशर्ट जास्तीचा, बस. संध्याकाळी पोचलात की घामाचे कपडे बावीवर धुवून टाकायचे, सकाळपर्यंत वाळतात, पण त्यासाठी ते सिंथेटिक हवेत. जीन्स तर मुळीच नको, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या सोलून निघतात. आणि हो, मांड्यांचा विषय निघालाच आहे तर, व्हॅसलिन. घाम आणि खारं वारं एकत्र आलं की जांघेत, काखेत, ब्राच्या पट्ट्याखाली साल जाते, याबद्दल कोणी लिस्टमध्ये लिहीत नाही आणि बायका तर बोलतही नाहीत. सकाळी निघताना लावायचं, दुखल्यावर नाही. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान नि पेनकिलर वरच्या कप्प्यात ठेवा, जाडसर झिपची पिशवी वेगळी ठेवा, वापरलेलं त्यात घालून पुढच्या गावात नीट कचऱ्यात टाकायचं, वाळूत पुरायचं नाही. वाळूत पुरलेलं कुत्री उकरतात.

सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान त्यात. चादर आणि रात्रीचे कपडे तळाला, जड वस्तू मधे पाठीला चिकटून, आणि टोपी, औषधं, खाऊ, पाणी वर. बॅटरी कपाळावर बांधायची घ्या, हात मोकळे राहतात. पॉवर बँक एकच, तिघीत. रोख पैसे थोडे जास्त ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआय पण गेलं आणि एटीएम प्रत्येक गावात नाही.

पायांबद्दल थोडं जास्त सांगते कारण ट्रिप मोडते ती फोडांनी. नवे बूट घेऊन निघू नका, जे घ्याल ते महिनाभर घालून पतसंस्थेत जा, लोक हसले तर हसू देत. मोज्यांचे तीन जोड हवेत. वाळू बुटात गेली की लगेच थांबून झटकायची, "पुढच्या गावात बघू" म्हटलं की तिथे फोड आलाच समजा. टाचेला किंवा करंगळीला गरम-गरम चुरचुरायला लागलं की ती सूचना असते, त्याच क्षणी बूट काढायचा, पाय पुसून कोरडा करायचा आणि त्या जागेवर औषधाच्या दुकानात मिळते ती कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची. मैत्रीण पुढे गेली तरी जाऊ दे. आणि पुळण एका बाजूला उतरती असते, तासन्‌तास तशीच चाललात तर एकच पाय खाली पडत राहतो आणि मग एका बाजूची कंबर धरते, म्हणून अधूनमधून वरच्या सपाट भागावरून चाला.

सराव. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ऑफिसच्या आधी तासभर, सॅकमध्ये तीन किलो घालून. दर आठवड्याला एकेक किलो वाढवा. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्याच भरा, कारण चढताना वजन हवं आणि उतरताना गुडघे कुरकुरले तर पाणी ओतून टाकता येतं. तुमच्या हाताशी गोवळकोट आहे, परशुरामचा चढ आहे, यापेक्षा चांगली व्यायामशाळा पुण्यातल्या लोकांना मिळत नाही. मग निघायच्या दोन आठवडे आधी एक रंगीत तालीम कराच, शनिवारी गुहागरला उतरून पूर्ण सॅकसकट असगोली-पालशेत, तिथे मुक्काम, रविवारी एस्टीने परत. घरी येऊन सॅक जमिनीवर ओता आणि ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा, औषधं आणि बॅटरी सोडून. बघा किती ढीग होतो ते.

तंबूचं उत्तर वर आलंच, पण कारण अजून आहे. पुळणीवर तंबू टाकायचा तर ग्रामपंचायतीला विचारावं लागतं, भरतीच्या रेषेच्या बराच वर हवा, नारळाखाली तर अजिबात नको, आणि थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला वर येतात त्यांना तुमच्या बॅटरीचा त्रास. त्यापेक्षा घरगुती राहण्याची सोय सगळीकडे आहे. जेवणाचं दुपारी बाराच्या आत फोन करून सांगा, किती माणसं, शाकाहारी किती. संध्याकाळी सात वाजता दारात उभं राहून "काकू, मासे आहेत का" विचारलं तर काकू तुमच्याकडे कसं बघतील ते तुम्हाला माहितीये, तुम्ही तिथल्याच.

सेफ्टीचं म्हणाल तर माणसांपेक्षा मला उन्हाची आणि पाण्याची काळजी जास्त वाटते. तरी नियम करा, अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचायचं, उद्या कुठे जाणार हे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसायचं नाही, पण ज्या घरी राहिलात त्यांना नक्की सांगायचं, आणि पुढच्या घरी फोन करायला लावायचा. आपल्याकडे एका काकूने दुसऱ्या काकूला "तीन पोरी येतायत" सांगितलं की अख्ख्या वाडीला माहीत होतं, आणि उशीर झाला तर शोधायला माणूस निघतो. घरी फोन दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळेला. मधे लागला नाही तर घाबरायचं नाही हे पण घरी आधीच ठरवा, नाहीतर तिथे नेटवर्क नाही आणि इथे सासूबाई पोलिसात.

ऊन मात्र खरं. सड्यावर जांभा तापतो, सावली औषधाला नाही. सात ते अकरा चाला, मग देवळात नाहीतर कोणाच्या पडवीत पडा, वाटल्यास चारनंतर परत थोडं. दोन लिटर पाणी कायम पाठीवर, आणि वाटेत दिसेल तिथे भरून घ्यायचं, दिवसाचे तीन-साडेतीन लिटर पोटात गेले पाहिजेत. बावीच्या पाण्याची खात्री नसेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घालायचं, ग्लासात नाही. तासातासाला तोंडात काहीतरी टाका, खजूर, शेंगदाण्याचा लाडू, फणसपोळी, खिशात आमसुलं. लघवी गडद पिवळी झाली किंवा डोकं ठणकायला लागलं की त्या दिवसाचं चालणं तिथेच संपलं.

जांभ्याच्या सड्यावर आणि गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या कडेला फुरशी असतात, छोटे पण विषारी साप. दगडात हात घालायचा नाही, गडग्यावर बसायच्या आधी काठीने ठोकायचं, सकाळी बूट झटकून घालायचे, संध्याकाळी पाखाडीवरून, म्हणजे गावातल्या दगडी वाटेवरून जाताना बॅटरी लावायची. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. पाय हलवू न देता १०८ ला फोन आणि गावातली पहिली मिळेल ती गाडी, यातलं जे आधी येईल त्याने सरकारी दवाखाना. निघायच्या आधी तुमच्या वाटेवरचे दवाखाने कुठे आहेत ते एका कागदावर लिहून घ्या.

आणि त्याच कागदाच्या मागे एस्टीच्या वेळा. प्रत्येक मुक्कामाच्या गावातून चिपळूण किंवा गुहागरकडे सकाळची पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, वस्तीची गाडी कुठे. सासूबाईंना सांगा की एस्टी आहे म्हणूनच चालत जाता येतंय, कोणाचा पाय मुरगळला, कोणाला ताप आला, नाहीतर नुसता कंटाळा आला, तर अर्ध्या दिवसात घरी. हे काम मैत्रिणीच्या मुलीला द्या, एस्टीच्या वेळा आणि रोजची भरती-ओहोटी दोन्ही तिच्याकडे, आणि तिने "आता निघायचं" म्हटलं की दोघींनी मुकाट उठायचं.

पुळ्याला पोचलात की समुद्रात शिरायचा मोह होईल. घोट्यापर्यंत, त्याच्या पुढे नाही, तिथलं पाणी ओढतं आणि पोहता येणारे लोकही बुडालेत. तिथून रत्नागिरीची एस्टी आहे, रत्नागिरीहून चिपळूणला रेल्वे नाहीतर एस्टी. आणि पतसंस्थेत काउंटरवर बसायचं असलं तरी एक रजा जास्तीची टाका, परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माझी आठवण काढाल.